काळ्या तारा

शहराच्या नावाच्या पाट्या बदलल्या त्या वर्षीची, म्हणजे २०२३ ची ही गोष्ट. काही एसट्यांवर जुनं नाव होतं, काहींवर नवं, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका कंडक्टरला विचारल्याशिवाय पायरी चढत नव्हत्या. मार्च लागला होता. पडेगावच्या आमच्या घरामागं ज्वारीची काढणी चालली होती.

अशाच एका सकाळी सुलेखाच्या मोबाइलवर बद्रीनाथचा फोन आला. सुलेखा माझी मुलगी. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडंच राहते, वाळूजच्या एका कंपनीत कामाला जाते. बद्रीनाथ हा फर्दापूरच्या पुंजारामभाऊंचा मुलगा. तो म्हणाला, "ताई, बापूंचं आता काय खरं नाय. अन्न सुटलंय. सारखं एकच लावलंय, साहेबाला बोलवा, त्याच्याशी बोलायचंय. समोर बसून बोलायचंय म्हणतेत."

सुलेखानं माझ्याकडं पाहिलं आणि मी पुढच्या शेडकडं. शेडमध्ये माझे यजमान साहेबराव पंख्याची मोटर उघडून बसले होते. फोन इतका वेळ वाजला, त्यांना पत्ता नव्हता.

ह्यांचे कान भोंग्यांनी खाल्ले. तरुणपणी हे आणि पुंजारामभाऊ भागीदारीत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. हे बौद्धवाड्यातले, भाऊ मराठ्यांच्या घरचे, पण दोघं शाळेपासूनचे एका ताटातले. लग्न असो, सप्ता असो, उरूस असो, जयंती असो, भोंगे ह्यांचेच. प्रत्येक भोंग्यावर निळ्या रंगात दोघांची नावं होती. भाऊ माणसं सांभाळायचे, हे तारा सांभाळायचे. नवरदेव पळाला तरी साहेबरावचा भोंगा बंद पडत नाही, असं लोक म्हणायचे.

जोडाच्या बाबतीत हे फार कडक. तार दातानं सोलायची नाही, ब्लेडनं सोलायची. पीळ उजवीकडंच द्यायचा. पिळावर कथलाचा डाग, डागावर पट्टी. आणि त्यांचा एक कायदा होता: सगळ्या काळ्या तारा एक करायच्या आणि अँप्लिफायरच्या लोखंडी अंगाला बांधून टाकायच्या. लाल तारेत जीव असतो, काळीत नसतो. काळ्या एक झाल्या की भोंग्यातली गुणगुण जाते आणि नुसता माणसाचा आवाज उरतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला हे समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यानं चंद्र-चांदण्यांचं बोलावं, तसे हे तारांचं बोलायचे.

मग १९९४ ची जयंती आली. विद्यापीठाच्या नामविस्तारानंतरची ती पहिली. आमच्या लोकांना उधाण आलं होतं आणि काही गावांत तोंडं आंबट झाली होती. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या एका गावात मिरवणूक पहिल्यांदाच वेशीपुढून जाणार होती. गावाचं नाव घेत नाही. आता तिथली पोरं एकत्र क्रिकेट खेळतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भोंगे बांधले होते आणि माइकपुढं मी उभी होते. माझा गळा तेव्हा बरा होता, गायन पार्टीत मला पुढं उभी करायचे. वेस दिसायला लागली. गाण्याचं पहिलं कडवं झालं, दुसरं उचलणार, तोच भोंगे मेले. माझा आवाज एकदम एवढासा झाला. मला स्वतःलाच तो परका वाटला.

अँप्लिफायर आतून जळून गेला होता. कुठंतरी तार तारेला लागली होती. ह्यांनी उन्हात बसून एकेक जोड तपासला. वेशीवरची माणसं हसायला लागली. एकजण ओरडला, "काय रं साहेबराव, भोंग्याचा घसा बसला का? ज्येष्ठमध दे त्याला!" पोलिसांनी दिलेली वेळ संपली आणि मिरवणूक मुकाट्यानं मागं फिरली.

ते हसणं ह्यांनी पचवलं असतं. आमच्याच लोकांचं बोलणं पचलं नाही. "मराठ्याच्या भागीदारीत धंदा करतो, त्यांना दुखवंल कसा?" "त्यांच्या सप्त्याला बरा बंद पडत नाय ह्याचा भोंगा." हे कुणाशी भांडले नाहीत. माझा जोड चुकला, एवढंच म्हणाले आणि धंदा सोडला. भोंगे विकले. त्या दिवशीची तार तेवढी ठेवली. शेडमध्ये खिळ्याला ती टांगलेली असायची, मधोमध पट्टी गुंडाळलेला जोड. मिक्सर-पंख्यांच्या दुरुस्तीतून वेळ मिळाला की कधीतरी ती उतरवायचे, पट्टी उलगडायचे, भिंग लावून जोड बघायचे. चूक सापडायची नाही. पुन्हा गुंडाळून टांगायचे. इतकी वर्षं हे चाललं.

पुंजारामभाऊ फर्दापूरला गेले आणि लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी चहा-नाष्ट्याचं हॉटेल टाकलं. सुलेखाच्या लग्नाला आले होते. आहेर केला, पण जेवले नाहीत. "पोट बरं नाय, वैनी," म्हणाले आणि गेले.

पुढं ह्यांचे कान हळूहळू बंद झाले. बहिऱ्या माणसाच्या घरात बोलणं उरत नाही, हुकूम उरतात. जेवा. उठा. गोळी घ्या. एकेक शब्द कानाशी जाऊन ओरडला तर पोचायचा. काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात, त्या मग सांगितल्याच जात नाहीत. शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन नुसत्या शिट्ट्या मारायचं, ते त्यांनी डबीत घालून ठेवलं. आणि चारचौघांत मान हलवायला शिकले. समोरच्याचे ओठ थांबले की होकाराची मान हलवायची. पाहुण्यांना वाटायचं, साहेबराव किती शांतपणे ऐकून घेतात.

मी अंगणवाडीतली जुनी पाटी आणली, तिच्यावर फोनची गोष्ट लिहिली आणि त्यांच्यापुढं धरली. त्यांनी वाचली. पंख्याची मोटर खाली ठेवली.

"जायचं," म्हणाले. मग म्हणाले, "पण मला ऐकू कसं येणार?"

सुलेखानं पाटीवर लिहिलं, "पुंजारामकाकांना लिहून द्यायला सांगू?"

"पुंजा लिहायला बसला तर जीव तिथंच जाईल त्याचा. शाळेत गुरुजी म्हणायचे, ह्याच्या वहीत अक्षर नाय, मुंगी शाईत पडून मेलीय." हे हसले, आणि हसता हसता उठून कपाटातून हेडफोन काढून आणले.

ते हेडफोन सुलेखानं टीव्हीसाठी घेतले होते. मोठे, वाटीसारखे, कान पूर्ण झाकणारे. टीव्हीला जोडले तेव्हा ह्यांना काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. मोबाइलला जोडले तरी तेच. आता ते उलटेपालटे करून बघत म्हणाले, "वाट्या चांगल्या हायेत. फुंकणारा कमजोर पडतो. स्पीकर हलवणारा अँप्लिफायर ह्याला लावला तर? पुढं माइक. पुंजा माइकवर बोलंल, मी वाट्या लावून बसंल."

"दादा, कान फुटतील!" सुलेखा ओरडली.

त्यांनी तिचा चेहरा बघून ओळखलं. "फुटतील म्हणती ना? फुटलेलेच हायेत, बाई."

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत खलीलभाईचं सुट्या भागांचं दुकान आहे. मी ह्यांच्याबरोबर गेले. खलीलभाईनं काचेच्या खालून तळहाताएवढा एक बोर्ड काढला. "ये देखो चाचा. इत्ता सा है, मगर दो बडे स्पीकर हिला देता. सस्ता माल है, रोनेका नै."

ह्यांनी बोर्ड चिमणीच्या पिलासारखा ओंजळीत घेतला. त्यांच्या काळचा अँप्लिफायर उचलायला दोन माणसं लागायची. "एवढ्याशात?" ते मला म्हणाले.

खलीलभाई बोर्डावर बोट ठेवून सांगत होता, "एक बात सुनो. इसमें काली तार कू काली नक्को समझो. दोनों बाजू की तारां जिंदी हैं. आपस में जोडे, या डब्बे कू लगाए, तो गया. हेडफोन की तारां बी अलग-अलग रखना. समझे?"

ह्यांनी मान हलवली. मी ऐकत होते, पण तारांतलं मला काय कळणार? ह्यांनी मान हलवली म्हणजे त्यांना ते ठाऊकच असणार, असं मी धरून चालले. खलीलभाईही तेच धरून चालला. "उस्ताद लोगां हैं, इनकू क्या सिखाना," तो मला म्हणाला.

ह्यांनी माझा पोळ्यांचा डबा घेतला. मी नाही म्हणाले नाही. त्यात बोर्ड बसवला, बाजूला मोटरसायकलची बॅटरी, झाकणाच्या भोकातून तारेनं जोडलेला जुना माइक. आधी एकाच कानाची जोडणी केली, बघू तरी म्हणून. हेडफोन लावला आणि सुलेखाला माइक दिला.

"दादा, मी बोलतेय. सुलेखा."

ह्यांनी डोळे मिटले. "गुणगुण लई हाय," म्हणाले. मग एकदम थांबले. "सुले, सर्दी झालीय का तुला?"

तिला खरंच सर्दी झाली होती. ती माइक खाली ठेवून आत गेली, आणि बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ चालू राहिला.

"तू बोल," ह्यांनी माइक माझ्यापुढं केला. मी हात मागं घेतला. त्या ट्रॉलीनंतर मी माइक धरला नव्हता. आधी पुंजारामभाऊंचं होऊ द्या, असं मी खुणेनं सांगितलं. ह्यांनीही ओढाताण केली नाही.

फर्दापूरला आम्ही दोघंच गेलो. हॉटेलच्या मागच्या खोलीत पुंजारामभाऊ खाटेवर होते. एवढा धिप्पाड माणूस, गोधडीखाली नुसत्या घड्या दिसत होत्या. दात गेलेले, मिशा ओठांवर उतरलेल्या, त्यामुळं ओठांवरून काही समजायची सोय नव्हती. त्यांच्या पायाशी आवडाबाई बसल्या होत्या, त्यांची बायको. भिंतीपलीकडं हॉटेलचा फ्रिज घुरघुरत होता.

ह्यांनी डबा खाटेवर ठेवला, हेडफोन लावला आणि माइक भाऊंच्या तोंडाशी धरला.

"साहेबा... आलास व्हय?"

ह्यांचा चेहरा मी आयुष्यभर पाहिला, पण त्या क्षणासारखा कधी नाही. "आलो रं पुंजा! आवाज तुझा तसाच हाय. भिजलेल्या कोंबड्यावाणी."

सगळे हसले. आवडाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊ म्हणाले, "जीभ बी तुझी तशीच हाय, भाड्या. हे डोक्यावर काय घातलंस? इमान चालवतोस का?"

"तुझं ऐकायला घातलंय. पण थांब. गुणगुण लई हाय, तुझा एक शब्द बी वाया जाता कामा नये." हे डबा उघडून बसले. राहिलेला कान जोडला. मग सगळ्या काळ्या तारा, दोन्ही कानांच्या, बॅटरीची, माइकची, एकत्र घेऊन उजवीकडं पीळ दिला आणि डब्याच्या पत्र्याला स्क्रूखाली आवळून टाकल्या. म्हाताऱ्या हातांना कुठून तेवढा वेग आला कोण जाणे. मी कौतुकानं बघत होते. बटण दाबलं, बोर्डावरचा निळा दिवा लागला. ह्यांनी झाकण लावलं आणि वाट्या कानांवर नीट बसवल्या.

मला जरा जळकट वास आला. बाहेर बद्रीनाथ भजी तळत होता, मला वाटलं तेल लागलं असेल.

पुंजारामभाऊंनी डोळे मिटून बोलायला सुरुवात केली होती.

"साहेबा, त्या दिवशी तुझा जोड चुकला नव्हता. टाचणी मी खुपसली व्हती. ट्रॉलीच्या मागं, भोंग्याच्या तारंत. दोन्ही तारांतून आरपार. मागून काढून घेतली." ते श्वासासाठी थांबले. "ते गाव हिच्या माहेरचं. हिच्या भावांनी मला आदल्या दिवशी बसवलं व्हतं. म्हणले, भोंगा वेशीपुढं वाजला तर डोकी फुटतील, आधी तुझं आन तुझ्या भागीदाराचं. मी म्हणलं, डोकी फुटण्यापरीस भोंगा फुटू दे. मला वाटलं लई शाणपणाचं केलं. डोकी वाचली. पर तू तुझाच जोड बघत बसलास रं. मला दिसायचं. सांगायला गेलो की जीभ उचलायची नाय. वैनीच्या हातचं जेवण बी घशाखाली गेलं नाय."

आवडाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं की त्याच वेळी कळलं, मी कधी विचारलं नाही.

भाऊंनी डोळे उघडले. "ऐकलंस ना सगळं?"

ह्यांनी मान हलवली.

"राग हाय ना माझ्यावर?"

ह्यांनी मान हलवली. शांतपणे, एकदा.

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "असायचाच," ते म्हणाले. "बरं झालं, तोंडावर खरं सांगितलंस." ह्यांनी त्यांचा हात हातात घेतला. मला वाटलं, राग आहे तर आहे. एका माणसाचं अर्धं आयुष्य गेलं होतं, राग नसावा असं मी कोण म्हणणार? बद्रीनाथनं भजी आणली. हे दोन खाऊन उठले.

परतीच्या एसटीत, सिल्लोड मागं पडल्यावर, हे माझं नाव घेऊन बोलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, सगळी गाडी वळून बघायला लागली. "मने, मला काय ऐकू आलं नाय. बटण दाबलं आणि बोर्ड उडाला. पुंजा बोलायला लागला व्हता, डोळे मिटून. त्याला कसं थांबवू? त्याचा श्वास बघितलास ना?" मग माझ्याकडं वाकून म्हणाले, "काय म्हणाला?"

त्यांच्या त्या दोन माना माझ्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. गाडीत फर्दापूरची, त्या डोंगराखालच्या गावांची माणसं होती. मी हातानं सांगितलं, घरी.

घरी आल्याबरोबर मी पाटी घेतली. ह्यांनी ती माझ्या हातातून काढून उपडी ठेवली. "लिहू नको. तो बोलला तसं मला ऐकायचंय. उद्या नवा बोर्ड आणतो." मी कानाशी जाऊन ओरडले, "आज! आजच!" ते म्हणाले, "उद्या, उद्या." भाऊंनी विचारलेल्या प्रश्नाचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळं घाई कसली तेही कळलं नाही. त्या वर्षी धुळवड आणि शब-ए-बारात लागोपाठ आल्या होत्या. खलीलभाईचं शटर उघडलं नाही. सुलेखानं मला विचारलं, "आई, बद्रीला फोन करून सांगू का, दादांना राग नाही म्हणून?" मी म्हटलं, "दादांना अजून कळलेलंच नाही, तर राग आहे की नाही हे तू कुठल्या तोंडानं सांगणार? ऐकूच गेलं नाही असं मरत्या माणसाला फोनवर कसं कळवायचं, आधी बोर्ड येऊ दे."

दुकान उघडायच्या आत बद्रीनाथचाच फोन आला. पुंजारामभाऊ पहाटे गेले होते.

मातीला हे गेले, मी आणि सुलेखा गेलो. येताना सुलेखा आम्हाला परस्पर गुलमंडीला घेऊन गेली. खलीलभाईनं जळका बोर्ड हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. "चाचा, बोल्या था ना मैं!"

सुलेखानं त्याच्याकडून सगळं समजून घेतलं आणि मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ह्यांच्यापुढं धरलं. ह्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"काळीत बी जीव असतो?" त्यांनी खलीलभाईला विचारलं.

"हौ चाचा. इस नये माल में दोनों जिंदी."

हे दुकानाच्या पायरीवर बसले. उन्हातान्हातून लोक जात-येत होते, कुणाच्या डोक्यावर कापडाचे गठ्ठे, कुणाच्या हातात पिशव्या. हे आपल्या हातांकडं बघत होते. आयुष्यभर बरोबर ठरलेली एकच गोष्ट, आणि नेमकी त्या खोलीत ती चुकली.

नवा बोर्ड आणला. ह्यांनी हेडफोनचे जुने जोड कापून टाकले. चार तारा सुट्या केल्या, दोन ह्या कानाच्या, दोन त्या कानाच्या, एकीला एक लागू दिली नाही. आवाज फार अंगावर येऊ नये म्हणून वाटेत बारीक रेझिस्टन्स घातले. डब्याच्या पत्र्याला आतून जाड पुठ्ठा लावला. मग हेडफोन लावून सकाळच्या उन्हात खाटेवर बसले आणि माइक माझ्या हातात दिला.

मला वाटलं होतं, टाचणीपासून सुरू करावं. पण तोंडातून निघालं ते, "अहो, ऐकू येतंय का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझा आवाज म्हातारा झाला, मने," ते म्हणाले.

मला हुंदका आला, आणि तोही त्यांना ऐकू गेला असणार. मग मी सगळं सांगितलं. भाऊंनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत, जिथं ते थांबले तिथं थांबून. टाचणी, मेहुणे, वेस, शाणपण. लग्नातलं न जेवणं. हे ऐकत होते, मान अजिबात हलवत नव्हते. शेवटी मी म्हटलं, "त्यांनी विचारलं, ऐकलंस ना सगळं. तुम्ही मान हलवली. मग त्यांनी विचारलं, राग हाय ना माझ्यावर. तुम्ही तेव्हाही मान हलवली."

ह्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. उठले, शेडमध्ये गेले, खिळ्यावरची तार उतरवली. या वेळी पट्टी उलगडली नाही. भिंग घेऊन जोडापासून पुढं पुढं चाचपत गेले. वीतभर अंतरावर थांबले. मला बोलावलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. तारेच्या प्लॅस्टिकला एक बारीक भोक होतं, आणि दुसऱ्या तारेला त्याच्याच समोर दुसरं. इतकी वर्षं हे जोड बघत होते. भोक जोडात नव्हतंच.

"राग आला," ते म्हणाले. "आत्ता आला. पण पुंजा असता तर गेला असता गं राग. समोर बसला असता तर जेवायच्या आत गेला असता."

दिवस घालायला आम्ही पुन्हा फर्दापूरला गेलो. ह्यांनी आवडाबाईंना सगळं सांगितलं, बोर्ड जळल्याचं, काही ऐकू न आल्याचं, उगाच मान हलवल्याचं. आवडाबाईंनी ऐकून घेतलं. "मला सांगून काय उपेग, भाऊ?" त्या म्हणाल्या. "जाईपर्यंत ते एकच म्हणत व्हते, साहेबा खरा माणूस, तोंडावर बोलला."

एकदा ह्यांनी मला ते राहिलेलं कडवं म्हणायला सांगितलं. मी माइक धरला, पहिलं कडवं म्हटलं. दुसरं आठवेना. गायन पार्टीतली कुणी उरली नव्हती, विचारायचं कुणाला? हे म्हणाले, "असू दे. आवाज साफ येतोय, गुणगुण नाय."

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. त्या काळी ह्यांना बोलणारी आमच्या बौद्धवाड्यातली माणसं एव्हाना गेलेली होती, त्यामुळं टाचणीची गोष्ट कुणाला सांगून नाव धुवायचं, हा प्रश्नच आला नाही. ह्यांनी ती तार जाळली नाही, टाकलीही नाही. बद्रीनाथ एकदा आला तेव्हा त्याला दिली. त्यानं ती का घेतली मला माहीत नाही, पण हॉटेलात बापूंच्या फोटोमागं ती गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे. हॉटेल बरं चालतं. आवडाबाई त्याच्याकडंच आहेत, डोळ्यांनी अधू झाल्या आहेत, माहेरी जात नाहीत. खलीलभाई आता म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला बोर्ड विकताना चित्र काढून देतो. सुलेखाची कंपनी बदलली, सर्दी वर्षभर असतेच.

साहेबराव २०२४ च्या थंडीत गेले. त्याआधीची पावणेदोन वर्षं रोज सकाळी हेडफोन लावून बसायचे आणि मी माइकवर पेपर वाचायची, मग इकडचं तिकडचं, मग जुनं, जे ओरडून सांगता आलं नव्हतं ते. सगळं सांगून झालं नाही. पोळ्यांचा डबा मी परत स्वयंपाकात घेतला नाही, तो शेडमध्ये आहे, बॅटरी उतरली आहे.

मी अजून मोठ्यानंच बोलते. सवय जात नाही. सुलेखा म्हणते, "आई, हळू. घरात आता बहिरं कुणी नाही."